युरोमीटर पिशवी : तीन पावसाळ्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

दक्षिण कोकणातील एका तालुक्याच्या गावी आमचे पंचवीस खाटांचे रुग्णालय आहे. त्यातल्या चार खाटा अतिदक्षता विभागाच्या असून भातलावणीपासून कापणीपर्यंत त्या क्वचितच रिकाम्या असतात. ताप अंगावर काढून डोळे पिवळे झाल्यावर आलेले लेप्टोचे (चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण, घोणस चावलेले शेतकरी, जुलाब-उलट्यांनी गळून गेलेले म्हातारे आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या आठवडाभर खाल्लेले मधुमेही, अशी त्या दिवसांतली आमची वस्ती असते. या सगळ्यांच्या बाबतीत पहिल्या चोवीस तासांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो : मूत्रपिंडाला अचानक इजा झाली आहे का, आणि झाली असेल तर ती किती पुढे गेली आहे? आम्ही डॉक्टर मंडळी आपसांत या इजेला ‘एकेआय’ म्हणतो. तिचा माग काढण्यासाठी गेल्या तीन पावसाळ्यांत आम्ही जे साधन सर्वांत अधिक वापरले, त्या युरोमीटर पिशवीबद्दलचा, म्हणजे तासातासाची लघवी मोजणाऱ्या पिशवीबद्दलचा हा अभिप्राय आहे. दोन कंपन्यांचा माल आम्ही वापरला. नावे देत नाही, कारण दोन्हींचे गुणदोष बहुतेक सारखेच आहेत आणि एकीबद्दलची माझी तक्रार एका खेपेपुरतीच आहे.

ज्यांनी ही वस्तू हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी युरोबॅग म्हणजे दोन लिटरची मऊ प्लास्टिकची पिशवी असते. मूत्राशयात घातलेली कॅथेटरची नळी तिला जोडायची आणि ती खाटेच्या कडेला लटकवायची. युरोमीटरमध्ये त्याच पिशवीच्या पुढे कडक, पारदर्शक प्लास्टिकची एक डबी बसवलेली असते आणि लघवी आधी या डबीत जमते. आमच्याकडच्या डबीत ५०० मिलिलिटर मावतात. तिला आतून तीन कप्पे आहेत आणि पहिल्या अरुंद कप्प्यावर एकेका मिलिलिटरच्या रेघा आहेत. तास भरला की सिस्टरने आकडा वाचायचा, तक्त्यावर टिपायचा आणि तोटी फिरवून डबीतली लघवी खालच्या पिशवीत सोडायची. यात वीज लागत नाही, संगणक लागत नाही, आणि शिकवायला दहा मिनिटे पुरतात.

साध्या पिशवीत काय कमी पडते हे आकड्यांतूनच नीट कळते. समजा रुग्ण बाईचे वजन ५२ किलो आहे. तिला दर किलोमागे दर तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ताशी २६ मिलिलिटर लघवी व्हायला हवी आणि सहा तासांत ती १५६ मिलिलिटर भरायला हवी. साध्या पिशवीवर रेघा असतात शंभराशंभराच्या, आणि पिशवी मऊ असल्याने ती जरा तिरकी लटकली किंवा तळाला घडी पडली की त्या रेघांनाही अर्थ उरत नाही. तिच्यातली लघवी ९० मिलिलिटर आहे की १७० हे वाचणाऱ्याच्या अंदाजावर सुटते. आणि ९० व १७० यांच्यामध्येच तर आजार आहे की नाही याची सीमारेषा पडलेली असते. आमचे जुने तक्ते मी मुद्दाम काढून पाहिले. रात्रपाळीचे आकडे २००, २००, ३०० असे गोल होते आणि काही ठिकाणी आकड्याच्या जागी ‘पुरेशी’ एवढाच शेरा होता. यात कोणाची लबाडी नव्हती. पिशवीला तेवढेच सांगता येत होते आणि सिस्टरने तेवढेच लिहिले होते.

युरोमीटर घेण्याच्या आदल्या पावसाळ्यातली एक बाई मला आठवते. लावणीच्या चिखलात आठवडाभर उभी राहिलेली, पोटऱ्या दुखतात आणि ताप उतरत नाही म्हणून संध्याकाळी दाखल झालेली. मूत्रपिंड बिघडले की रक्तात साचत जाणारे क्रिएटिनीन तपासले, ते १.१ आले. तिच्या अंगकाठीच्या मानाने ते थोडे अधिक होते, पण प्रयोगशाळेच्या कागदावर ते ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसत होते. रात्रभर सलाईन चालू होते आणि तक्त्यावर ‘लघवी २००’ असे दोनदा लिहिले गेले. सकाळी फेरीच्या वेळी मी ती पिशवी मापाच्या भांड्यात ओतून पाहिली तेव्हा रात्रीच्या दहा तासांचे मिळून १४० मिलिलिटर निघाले. दुपारच्या तपासणीत क्रिएटिनीन २.३ झाले होते. ती बाई पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तीन डायलिसिसनंतर बरी होऊन घरी गेली; परंतु तिच्या बाबतीत आम्ही निदान आठ तास उशिरा जागे झालो, आणि त्या आठ तासांत तिच्या अंगात नको तितके पाणी आमच्याच हाताने गेले.

ज्या व्याख्येवर हे सगळे उभे आहे ती २०१२ सालची, ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविषयक गटाची आहे. क्रिएटिनीन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने किंवा त्याहून अधिक वाढले, किंवा मागच्या सात दिवसांत ते मूळच्या दीडपट वा अधिक झाले, किंवा सलग सहा तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी राहिली, तर या तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट निदानाला पुरेशी धरली जाते. लघवीची ही तूट बारा तासांच्या आत असेपर्यंत इजा पहिल्या टप्प्यातली, बारा तास वा अधिक टिकली तर दुसऱ्या टप्प्यातली. आणि किलोमागे ताशी ०.३ मिलिलिटरपेक्षाही कमी लघवी चोवीस तास राहिली किंवा बारा तास मुळीच झाली नाही तर तिसऱ्या टप्प्यातली. क्रिएटिनीनच्या बाजूने हेच टप्पे दीडपट, दुप्पट आणि तिप्पट अशा पायऱ्यांनी मोजतात, आणि ४ मिलिग्रॅमच्या वर गेलेला आकडाही तिसऱ्या टप्प्यात धरतात. व्याख्येत लघवीला क्रिएटिनीनच्या बरोबरीचे स्थान दिलेले असूनही आपल्या बहुतेक रुग्णालयांत निदान होते ते क्रिएटिनीनच्या कागदावरूनच, आणि त्याचे साधे कारण असे की तो कागद मिळतो, लघवीचा खरा आकडा मिळत नाही.

क्रिएटिनीनवरच विसंबण्यात काय धोका आहे याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या पिशवीची खरी किंमत त्यातूनच कळते. क्रिएटिनीन हा स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात बाहेर पडणारा पदार्थ आहे. मूत्रपिंड एका क्षणात पूर्ण बंद पडले असे धरले, तरी धडधाकट माणसाच्या रक्तातले क्रिएटिनीन दिवसाला साधारण १ ते १.५ मिलिग्रॅमनेच चढते, आणि हाडाची काडे झालेल्या म्हाताऱ्या बाईत त्याहून सावकाश. म्हणजे पहिल्या संध्याकाळचा आकडा हा खरे तर कालच्या मूत्रपिंडाचा आकडा असतो. त्यात आपण रुग्णाला सलाईन देतो, त्यामुळे रक्त पातळ होऊन आकडा आणखी खाली दिसतो. शिवाय ‘मूळच्या दीडपट’ म्हणताना मूळ आकडा माहीत असावा लागतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांनी आयुष्यात क्रिएटिनीन कधी तपासलेलेच नसते. नातेवाइकांना घरी पाठवून ट्रंकेतले जुने कागद, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या किंवा साखरेच्या शिबिराची चिठ्ठी शोधायला लावणे हा आमच्या सिस्टरांचा एक ठरलेला उद्योग आहे.

लेप्टोच्या प्रदेशात याहून एक बारीक खाच आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. लहान प्रयोगशाळांतून क्रिएटिनीन मोजण्याची जी रंगाची पद्धत अजून चालते तिचे मूळ मॅक्स याफे यांनी १८८६ साली नोंदवलेल्या पिक्रिक आम्लाच्या रासायनिक क्रियेत आहे. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे काविळीतला पिवळा पदार्थ, फार वाढलेले असेल तर ही पद्धत क्रिएटिनीन खरे असते त्यापेक्षा कमी दाखवू शकते. विकरांवर (एन्झाइमवर) आधारलेली नवी पद्धत कावीळ झालेल्या रक्तात तुलनेने अधिक विश्वासार्ह आहे, पण ती महाग पडते. म्हणजे लेप्टोचा जो रुग्ण हळदीसारखा पिवळा होऊन आला आहे, आणि ज्याचे मूत्रपिंड बिघडण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे, त्याचाच आकडा आपल्याला खोटा धीर देण्याचा संभव असतो. डबीत जमलेल्या लघवीच्या उंचीवर बिलिरुबिनचा परिणाम होत नाही.

इतके गुण गायल्यावर या साधनाने मला कुठे फसवले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा अभिप्राय जाहिरातीसारखा होईल. पिशव्या आल्या त्याच पावसाळ्यात लेप्टोचा एक तरुण रुग्ण दाखल झाला. त्याची डबी तासाला ८०-९० मिलिलिटरने भरत होती आणि रात्रीच्या सिस्टरने मोठ्या समाधानाने ते आकडे फोनवर मला वाचून दाखवले. मीही समाधानाने झोपले. सकाळी क्रिएटिनीन ३.४ होते आणि पोटॅशियम २.९. लेप्टोतली मूत्रपिंडाची इजा पुष्कळदा लघवी कमी न करताच होते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी उतरते, हे मी पुस्तकात वाचले होते, विद्यार्थ्यांना शिकवलेही होते. पण हातात आयता, ठळक, समाधानकारक आकडा असला की शिकवलेले मागे पडते. लघवी कमी झाली तर ही पिशवी आपल्याला लवकर सांगेल, पण लघवी भरपूर आहे म्हणून मूत्रपिंड चांगले आहे असे ती सांगू शकत नाही. किती पाणी बाहेर पडते ते तिला कळते, त्या पाण्याबरोबर काय बाहेर पडते आणि काय आत साचते ते कळत नाही. तेव्हापासून लेप्टोच्या संशयित रुग्णाचे क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पहिले तीन दिवस रोज तपासायचे, डबी कितीही भरो, असा आम्ही नियम केला आहे.

पारदर्शक कडक डबीचा एक फायदा खोक्यावर लिहिलेला नसतो, तो म्हणजे रंग. साध्या पिशवीचे प्लास्टिक दुधट असते आणि सगळ्या दिवसाची लघवी तिच्यात मिसळलेली असते. डबीत मात्र फक्त या तासाची लघवी दिसते. घोणस चावलेल्या एका शेतकऱ्याच्या डबीत दुपारी तीनला फिकट पिवळी आणि चारला कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी होती. साध्या पिशवीत हा बदल आम्हाला संध्याकाळपर्यंत दिसला नसता. अशा वेळी लघवीत तपासणीची पट्टी बुडवून पाहिली आणि तीवर रक्ताची खूण आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत, तर ते फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन किंवा स्नायूंतले मायोग्लोबिन असण्याचा संशय घ्यावा लागतो, आणि दोन्हीही मूत्रपिंडाला घातक आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, चिखलासारखे दाणेदार साचे (मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत घट्ट होऊन त्यांच्याच आकाराचे झालेले तुकडे) दिसले तर त्या नलिकांनाच इजा पोहोचली आहे असे समजते. येथे एक सूचना : पट्टीसाठी आणि सूक्ष्मदर्शकासाठी नमुना डबीतून किंवा पिशवीतून कधीही घेऊ नये. नळीवर त्यासाठी वेगळी रबरी जागा दिलेली असते, तेथून ताजी लघवी घ्यावी. आम्ही वापरलेल्या दोन कंपन्यांपैकी एकीच्या नळीवर सुईशिवाय नमुना घेता येतो आणि दुसरीत सुई टोचावी लागते. माझे मत निःसंशय पहिलीच्या बाजूने आहे.

डबी अचानक कोरडी पडली तर मूत्रपिंडाचा विचार दुसरा आणि नळीचा विचार पहिला करावा, हे आता आमच्या वॉर्डातल्या मावशींनाही पाठ झाले आहे. ताशी ४० मिलिलिटरवरून एकदम शून्य, असे मूत्रपिंडाच्या आजारात सहसा होत नाही. तेथे ४०, ३०, १८, १० अशी उतरंड दिसते. एकदम शून्य म्हणजे बहुधा कॅथेटरमध्ये रक्ताची गुठळी, रुग्णाच्या मांडीखाली दबलेली नळी किंवा खाटेखाली लोंबलेल्या नळीच्या झोळात अडलेले पाणी. हा झोळ युरोमीटरचा जुना शत्रू आहे. नळी लांब असल्यामुळे ती खाटेखाली झोळ घेते, त्यात तीस-चाळीस मिलिलिटर सहज साचतात, आणि ५० किलोच्या रुग्णाच्या बाबतीत एवढा फरक म्हणजे एका तासाहून अधिकचा हिशेब असतो. म्हणून वाचनाआधी नळी उचलून झोळ रिकामा करायचा आणि मग आकडा पाहायचा.

याच्या उलट प्रकार प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेल्या वृद्धांत होतो. कॅथेटर घातल्यावर पहिल्या काही मिनिटांत लिटरभर लघवी येते, डबी भरून वरच्या वाटेने पिशवीत उतू जाते आणि तो पहिला आकडा हातचा जातो. अशा रुग्णाला सुरुवातीला साधी पिशवी लावावी आणि पहिला लोंढा संपल्यावर युरोमीटर जोडावी असा विचार आम्ही केला होता, पण जोड जितक्या वेळा उघडावी तितकी जंतुसंसर्गाची भीती अधिक, म्हणून आता पहिल्यापासून हीच लावतो आणि सुरुवातीचा आकडा डबी व पिशवी मिळून काढतो. तुंबारा सुटल्यानंतर सलग दोन तास ताशी २०० मिलिलिटरपेक्षा अधिक लघवी होत राहिली तर शरीरातले पाणी आणि क्षार वाहून जात आहेत असे समजावे लागते, आणि हे ओळखायला डबी फार उपयोगी पडते. प्रसूती विभागातही तिचा अनपेक्षित उपयोग झाला. रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्यापूर्वी मागचे चार तास ताशी किमान ३० मिलिलिटर लघवी झाली आहे ना, हे पाहायचे असते. पूर्वी ते उत्तर अंदाजाने मिळत असे.

बांधणीबद्दल बोलायचे तर डबी भक्कम आहे. आकडे छापील असून तीन-चार दिवसांत पुसत नाहीत, मात्र स्पिरिटचा बोळा लागला की एका कंपनीचे आकडे फिकट होतात. रात्री दिव्याच्या मंद उजेडात पारदर्शक प्लास्टिकवरच्या निळ्या रेघा वाचणे त्रासाचे आहे; आमच्या सिस्टर मोबाईलची बॅटरी मागून धरतात. लटकवण्याचा आकडा परदेशी धर्तीच्या खाटांसाठी केलेला वाटतो, कारण आपल्या लोखंडी खाटांच्या जाड गोल पाइपावर तो नीट बसत नाही. सुतळीने बांधलेल्या पिशव्या तिरक्या होतात, आणि तिरकी डबी अचूक आकडा देऊ शकत नाही. वॉर्डबॉयने जुन्या सलाईन स्टँडच्या सळईचे आकडे वाकवून करून दिले, तेव्हा ही अडचण सुटली. डबीच्या माथ्यावर हवा जाण्यासाठी गाळणीचे छोटे भोक असते; ते लघवीने ओले झाले की हवा कोंडते आणि लघवी नळीतच थांबते. १०८ रुग्णवाहिकेतून रुग्ण पुढे पाठवताना ही गोष्ट हमखास घडते, कारण स्ट्रेचरवर पिशवी आडवी ठेवली जाते. आता आम्ही रुग्ण हलवण्यापूर्वी डबी रिकामी करतो, शेवटचा आकडा चिठ्ठीवर लिहितो आणि सोबत जाणाऱ्याला पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण उभी धरण्यास बजावतो.

सर्वांत कच्चा भाग म्हणजे तोटी. दुसऱ्या पावसाळ्यात आलेल्या एका खेपेत जवळजवळ प्रत्येक चौथ्या पिशवीची तोटी बंद असूनही झिरपत होती. बाहेर गळती झाली असती तर लगेच कळले असते, पण लघवी डबीतून खालच्या पिशवीत गुपचूप उतरत होती आणि त्यामुळे तासाचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसत होता. एका रुग्णाला आम्ही त्यावर विसंबून फ्ल्यूइडचा अधिक डोस देण्याच्या बेतात होतो. सिस्टरने खालच्या पिशवीत लघवी वाढलेली पाहिली म्हणून चूक सापडली. पुरवठादाराने आधी ‘तुमच्या लोकांना तोटी फिरवता येत नसेल’ असे सुनावले, मग आम्ही पाण्याने भरलेल्या दोन डब्यांचा व्हिडिओ पाठवला तेव्हा खोकी परत घेतली. मापण्याचे साधन चुकीचे माप देऊ लागले तर ते नसलेले बरे, असे मी त्या आठवड्यात रागाने म्हटले होते. राग गेला, पण तेव्हापासून प्रत्येक खोक्यातली एक पिशवी बळी देऊन तिच्यात ५० मिलिलिटर पाणी तासभर ठेवून पाहिल्याशिवाय खोके वापरात जात नाही.

ही पिशवी कोणाला लावू नये, हा भाग मला लावण्याच्या यादीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तिच्यासाठी कॅथेटर घालावा लागतो, आणि कॅथेटर जितके दिवस आत राहील तितका मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढत जातो. जो रुग्ण शुद्धीवर आहे, उठून बसू शकतो आणि स्वतः लघवी करू शकतो, त्याला केवळ आकडा मिळावा म्हणून कॅथेटर घालणे मला मान्य नाही. त्याच्यासाठी रेघा असलेला प्लास्टिकचा मग नातेवाइकांच्या हाती द्यावा आणि प्रत्येक वेळची लघवी मोजून सिस्टरला सांगायला लावावे. सहा तासांचा हिशेब त्यातूनही पुष्कळ बरा लागतो. सुरुवातीच्या उत्साहात आमच्याकडे काही जणांना विनाकारण कॅथेटर घातले गेले, त्याची जबाबदारी माझी आहे. सापाच्या विषाने ज्याचे रक्त गोठत नाही अशा रुग्णाला तर कॅथेटर घालताना दहा वेळा विचार करावा आणि घालायचाच झाला तर अनुभवी हाताने घालावा. रोजच्या फेरीत ‘आज हा काढता येईल का?’ हा प्रश्न आता आम्ही तक्त्यावरच छापून घेतला आहे.

लठ्ठ रुग्णांच्या बाबतीत एक व्यवहारी अडचण येते. ११० किलोच्या माणसाला ताशी ५५ मिलिलिटरचा निकष लावला तर धडधाकट मूत्रपिंडही आजारी ठरण्याचा संभव आहे, म्हणून आम्ही उंचीवरून काढलेले आदर्श वजन धरतो आणि तक्त्याच्या डोक्यावर ‘ताशी हवी इतकी’ असा एकच आकडा लाल शाईने लिहून ठेवतो. रात्री दोन वाजता सिस्टरने गुणाकार करत बसू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

याच्या जोडीला बाजारात काय आहे? मूत्रपिंडाची इजा क्रिएटिनीनच्या आधी सांगू पाहणाऱ्या एनजीएएल या प्रथिनासारख्या तपासण्या मोठ्या शहरांत मिळतात. अमेरिकेत २०१४ साली लघवीतल्या दोन प्रथिनांवर आधारलेल्या एका तपासणीला परवानगीही मिळाली. पण आमच्यासारख्या ठिकाणी नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत प्रश्नाचे उत्तर रुग्णानेच दिलेले असते, आणि जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णात एनजीएएल मूत्रपिंडाशिवाय इतर कारणांनीही वाढते. त्यापेक्षा फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची चाचणी आम्हाला जवळची वाटते. रुग्ण कोरडा पडलेला नाही याची खात्री करून किलोमागे १ मिलिग्रॅम, आणि हे औषध आधी घेतलेल्याला १.५ मिलिग्रॅम, शिरेतून द्यायचे आणि पुढच्या दोन तासांत किती लघवी होते ते मोजायचे. २०० मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर इजा तिसऱ्या टप्प्याकडे जाण्याची शक्यता बरीच अधिक असते. या चाचणीला लागणारे एकमेव उपकरण म्हणजे ही डबी. आम्हाला जवळचे डायलिसिस केंद्र दोन तासांवर आहे, पावसात घाट बंद झाला तर त्याहून लांब, त्यामुळे रुग्ण आज हलवावा की उद्यापर्यंत वाट पाहावी हा निर्णय अनेकदा या दोन तासांच्या आकड्यावर आम्ही घेतला आहे. अर्थात सोबत सोनोग्राफीत मूत्रपिंडे फुगलेली नाहीत ना आणि लहान झालेली नाहीत ना, हे पाहिलेले असते. फुगलेली असतील तर वाट खाली अडलेली आहे, आणि आक्रसलेली असतील तर आजार अचानक नव्हे, जुना आहे.

किंमत आम्हाला साध्या पिशवीच्या साधारण पाचपट पडते. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ती लावावी असे मी म्हणणार नाही आणि आम्ही लावतही नाही. रक्तदाब पडलेला रुग्ण, लेप्टो किंवा सर्पदंशाचा कॅथेटर घालावाच लागलेला रुग्ण, झटके येणारी बाळंतीण आणि ज्याच्या क्रिएटिनीनने पहिली उडी मारली आहे असा रुग्ण, एवढ्यांपुरती ती राखून ठेवली आहे. नातेवाइकांना जादा पैशांचे कारण समजावताना मी आता सरळ दोन्ही पिशव्या हातात घेते आणि प्रत्येकीत चहाच्या कपातले थोडे पाणी ओतून दाखवते. आजपर्यंत कोणी नको म्हटलेले नाही.

यंदाच्या मोसमासाठी मेअखेरीस आम्ही चाळीस पिशव्या मागवल्या आहेत, सुईशिवाय नमुना देणाऱ्या. पाचांपैकी चार तारे देते. एक तारा तोटीसाठी कापला आहे, आणि खाटेला लटकवायच्या आकड्यासाठी अर्धा कापणार होते. पण तो आमच्या वॉर्डबॉयने भरून काढला आहे, त्याचे श्रेय कंपनीला नाही.